क्विटक्लेमने घर मुलाच्या नावावर करण्याआधी

टेक्सासमधल्या आईबाबांना दिला जाणारा सल्ला, की प्रोबेट (मृत्यूनंतर मालमत्ता वारसांकडे जाण्याची कोर्टाची प्रक्रिया) टाळायला आत्ताच क्विटक्लेम डीड करून घर मुलाच्या नावावर करा, मला धोक्याचा वाटतो. कळकळीने सांगते, सही करण्याआधी थांबा.

क्विटक्लेम डीड या कागदात घर देणारा फक्त म्हणतो, 'माझा जो काही हक्क असेल तो दिला.' मालकी निर्वेध असल्याची हमी नाही. टेक्सासमध्ये तर टायटल कंपन्या (घराची मालकी तपासून तिचा विमा देणाऱ्या) क्विटक्लेमकडे संशयानेच बघतात, पुढे घर विकताना अडचण येते.

पण खरा फटका कराचा. समजा घर २ लाख डॉलरला घेतलं, आज किंमत ८ लाख. हयातीत बक्षीस दिलं तर मुलासाठी मूळ खरेदी किंमत २ लाखच राहते. त्याने ते भाड्याने देऊन नंतर विकलं, तर जवळपास ६ लाखांचा नफा करपात्र. तेच घर वारशाने आलं तर मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव धरतात, म्हणजे तो नफा जवळजवळ पुसला जातो. शिवाय एकदा दिलेलं घर मुलाचंच. मुलाला कर्ज दिलेल्यांनी त्याच्यावर दावा केला तर आईबाबा राहत असूनही ते अडकू शकतं.

प्रोबेटच टाळायचं असेल तर टेक्सासमध्ये २०१५ पासून 'ट्रान्सफर ऑन डेथ डीड' आहे, म्हणजे मालकाच्या मृत्यूनंतरच घर ठरवलेल्या व्यक्तीकडे जाईल असा कागद. हयातीत काउंटी क्लार्ककडे (स्थानिक नोंदणी कार्यालयात) नोंदवावं लागतं, मालकी शेवटपर्यंत आईबाबांकडेच राहते आणि मन बदललं तर रद्दही करता येतं.

आणि हो, घरावर कर्ज असेल तर कुठल्याही डीडने कर्जावरचं नाव निघत नाही.