बेअर्स, केलेब आणि ६८ सॅक: घोडं नक्की कुठे पेंड खातंय?

मीनल_शॉमबर्ग | ७ जानेवारी २०२५

संपला एकदाचा आपल्या शिकागो बेअर्सचा अमेरिकन फुटबॉलचा हंगाम. ५ विजय, १२ पराभव, त्यातले दहा ओळीने. रविवारी ग्रीन बेला त्यांच्याच मैदानावर २४-२२ हरवलं, सँटोसने शेवटच्या क्षणी ५१ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने खांबांमधून बॉल, तीन गुण) मारला, म्हणून सोमवारी ऑफिसात मान वर करून जाता आलं.

आता प्रश्न. आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या केलेब विल्यम्सला, या हंगामात ६८ वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाडलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते ऑफेन्सिव्ह लाइन (त्याच्यासमोर ढाल बनून उभी राहणारी पाच माणसं) भिकार आहे, या पोराचा डेव्हिड कार होणार (ह्यूस्टनचा तो क्वार्टरबॅक, २००२ मध्ये ७६ सॅक). दुसरी म्हणते पोरगंच बॉल हातातून सोडत नाही, लाइनने किती वेळ धरून ठेवायचं? मला खेळ बऱ्यापैकी कळतो, पण टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे असतो, त्यामुळे सॅक कोणाच्या खात्यावर टाकायचा ते समजत नाही. जाणकारांनी सांगा.

अण्णा_नेपरविल | ७ जानेवारी

मीनलताई, बेअर्सचे क्वार्टरबॅक म्हणून मी ग्रॉसमन पाहिला, कटलर पाहिला, ट्रुबिस्की पाहिला, फील्ड्स पाहिला. दर वेळी 'हा आला, आता सुटलो', आणि दर वेळी ये रे माझ्या मागल्या. त्यामुळे आशावाद माझ्याकडून मिळणार नाही, उत्तर मिळेल.

सोपी युक्ती सांगतो. स्नॅप झाला (लाइनच्या मधल्या माणसाने, म्हणजे सेंटरने, बॉल मागे दिला) की मनात सावकाश मोजायचं. दोन म्हणायच्या आत पोरगं आडवं झालं, तर लाइनचा दोष. तीन होऊन गेले, पोरगं अजून पॉकेटमध्ये (लाइनने राखलेल्या जागेत) नाचतंय आणि मग पडलं, तर त्याचा. भांडण होतं ते मधल्यांवरून. तिथे बघायचं की सॅक करणारा कोणाला हरवून आला की त्याला कोणी हातच लावला नव्हता. मोकळा आला असेल तर कोणी हरलेलं नाही, हिशेब चुकलाय. कोणी कोणाला अडवायचं हे स्नॅपच्या आधी सेंटर आणि क्वार्टरबॅक मिळून ठरवतात. आपला सेंटर शेल्टन या वर्षी नवा, क्वार्टरबॅक रूकी (पहिल्याच वर्षाचा), आणि उजव्या गार्डच्या (सेंटरच्या शेजारच्या माणसाच्या) जागेवर तर धर्मशाळा. नेट डेव्हिसला मोठे पैसे देऊन आणला होता, त्याला बाकावर बसवला आणि नोव्हेंबरात घरी पाठवला. हिशेब जुळणार कसा?

पण मला बोलायचंय ते दुसरंच. सगळे ६८ चा आकडा घेऊन बसलेत. त्याच्या शेजारचा आकडा बघा: इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेले पास) फक्त ६, तेही ५६२ पास टाकून. रूकीसाठी हे भारीच आहे, पण फुकट नाही मिळालेलं. पास झेलणारा आपला रिसीव्हर नक्की मोकळा दिसेपर्यंत हा पोरगा बॉल सोडत नाही. म्हणून चुकीच्या हातात पडत नाही आणि म्हणूनच सॅक होतो. एकाचं कौतुक करून दुसऱ्याचं खापर लाइनवर फोडता येणार नाही. यूएससीत असताना तो पळून पळून वेळ काढायचा, कॉलेजात त्याला कोणी गाठत नव्हतं. इथे १२० किलोचा डिफेन्सिव्ह एंड त्याच्याइतकाच पळतो.

थँक्सगिव्हिंगचा डेट्रॉइटचा सामना आठवा. २३-२० पिछाडी, अर्धा मिनिट उरलेला, बॉल त्यांच्या ३५ यार्डांच्या रेषेवर. म्हणजे बरोबरीचा फील्ड गोल आवाक्यात. तिथे झडॅरियस स्मिथने सॅक केलं, बॉल ४१ वर. ठीक आहे, लाइन हरली. पण सॅक झाला तेव्हा ३२ सेकंद होते आणि टाइमआउट शिल्लक होता! अकरा माणसं हळूहळू जागेवर येतायत, केलेब हातवारे करतोय, कोच एबरफ्लूस बाजूला उभा, घड्याळ चालूच. सहाएक सेकंद उरल्यावर स्नॅप. लांब पास ओडुन्झेकडे, पडला, सामना संपला. आमच्याकडे टर्की तशीच ताटात. दुसऱ्या दिवशी कोचला नारळ. बेअर्सच्या इतिहासात हंगाम चालू असताना मुख्य कोचला काढल्याची ही पहिलीच वेळ. आता सांगा, तो सॅक कोणाच्या खात्यावर? सॅकचं जाऊ द्या, त्यानंतरची २६ सेकंदं कोणाच्या?

बारामतीचा_बेअर | ८ जानेवारी

अण्णा, मान ठेवून सांगतो, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. त्याच ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेऱ्यांमधला) क्वार्टरबॅक बो निक्स डेन्व्हरला गेला. तोही रूकीच. त्याला हंगामभरात सॅक किती? २४. कारण त्याच्यासमोर पाच धड माणसं उभी होती.

आपल्या जनरल मॅनेजर पोल्ससाहेबांनी काय केलं? नववा नंबर हातात होता, तिथे रिसीव्हर घेतला. ओडुन्झे चांगला आहे, वाद नाही. पण आधीच मूर आणि कीनन ॲलन असताना? लाइनसाठी घेतला तिसऱ्या फेरीत येलचा अमेगाजी, तोही दुखापतग्रस्त. डिसेंबरात मिनेसोटासमोर सोमवारी रात्री त्या पोराला थेट लेफ्ट टॅकलला (लाइनच्या डाव्या टोकाला) उभा केला. उजव्या हाताने टाकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागची बाजू, आणि समोर व्हायकिंग्जचे ब्लिट्झ (जादा माणसं धावून येणं). मला टीव्हीकडे बघवत नव्हतं.

न्यू इंग्लंडने सोल्जर फील्डवर ९ सॅक केले, ह्यूस्टनने ७, सॅन फ्रान्सिस्कोने ७, सिअॅटलनेही ७. रोज मार खाणारा माणूस चौथ्या महिन्यात आपोआपच पॉकेटमधून लवकर पळायला लागतो. तुमचं एक-दोन-तीन तिथे चालत नाही, कारण एक म्हणतानाच त्याची नजर रिसीव्हर सोडून डिफेन्सकडे गेलेली असते. हे लाइननेच शिकवलंय.

चीजवाला_मिलवॉकी | ८ जानेवारी

अभिनंदन मंडळी. आमच्याकडून अकरा सलग पराभव खाल्ल्यावर एकदा आम्हा ग्रीन बेवाल्यांना हरवलंत, फटाके वाजवा.

आमच्याकडे १९९२ पासून मुख्य क्वार्टरबॅक तीन: फार्व, रॉजर्स, लव्ह. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला, लव्हही तीन वर्षं. तुम्ही पोराला पहिल्याच सामन्यात उतरवता, वर ऑफेन्सचा कोच नोव्हेंबरात बदलता, मग मुख्य कोच बदलता. लाइन आणि क्वार्टरबॅक यांच्यात भांडण लावून मालक मजा बघतायत.

अण्णा_नेपरविल | ८ जानेवारी

चीजवाले, पहिल्या नंबरवर घेतलेल्या पोराला बसवून ठेवायला आमच्यापुढे फार्व नव्हता. तुमचं ऐश्वर्य तुम्हाला लखलाभ.

बारामतीकर, निक्सचा मुद्दा बरोबर, पण अर्धाच. निक्स बॉल पटकन सोडतो. डेन्व्हरची लाइन उत्तम आहेच, पण त्या २४ मध्ये त्याचाही वाटा आहे. अमेगाजीबद्दल मात्र एक अक्षर बोलत नाही, तो सामना मीही अर्धवट सोडला.

नजर खाली जाण्याबद्दल बोललात ते पटलं. फील्ड्सचं तेच झालं. २०२१ ला क्लीव्हलंडमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला, ९ सॅक, आणि पासिंगचे निव्वळ यार्ड (सॅकमध्ये गमावलेले वजा करून) किती? एक. अख्ख्या टीमचे ४७. तो पोरगा नंतर कधी पॉकेटमध्ये निवांत उभा राहिलाच नाही.

पण उलट उदाहरणही आपल्याच घरचं. २०१० ला जायंट्सनी कटलरला पहिल्या हाफमध्येच ९ वेळा पाडलं, डोक्याला मार लागून तो बाहेर. लाइन तीच, जवळजवळ तीच माणसं. मग ऑफेन्सचा कोच मार्ट्झने खोल मागे जाऊन टाकायचे पास कमी केले, रनिंग वाढवलं, आणि तोच संघ कॉन्फरन्सच्या फायनलपर्यंत (सुपर बोलच्या एक पायरी आधी) गेला. (तिथे कोण भेटलं ते चीजवाले सांगतीलच.) म्हणजे प्ले कोण कॉल करतो, त्यानेही सॅक कमी होतात. नोव्हेंबरात काढलेल्या ऑफेन्सच्या कोचने, वॉल्ड्रनने, रूकीच्या डोक्यावर सगळं ओझं टाकलं आणि वॉशिंग्टनमध्ये गोललाइनजवळ बॉल दिला कोणाला? डग क्रेमरला, लाइनमनला! त्याच्या हातून सुटला. त्यानंतर शेवटच्या क्षणाची हेल मेरी (देवाचं नाव घेऊन टाकलेला लांब पास) झाली, आपण १८-१५ हरलो. आपला बचावपटू स्टीव्हन्सन तेव्हा प्रेक्षकांकडे बघून हातवारे करत होता, तो किस्सा वेगळ्या धाग्याचा.

मीनल_शॉमबर्ग | ८ जानेवारी

अण्णा, तुमच्या युक्तीने सिअॅटलचा ६-३ वाला सामना रेकॉर्डिंगवर परत बघायला घेतला. नवऱ्याने विचारलं, आकडे का म्हणतेस? पहिल्या हाफपर्यंत मत बनलं: मधून येणारे लवकर येतात, गार्ड आणि सेंटरच्या फटीतून. बाजूने येणाऱ्यांना वेळ लागतो, पण तोवर केलेबच मागे सरकत सरकत त्यांच्या वाटेत जातो. म्हणजे दोन्ही पार्ट्या बरोबर. सोमवारी टेबलावर हे सांगितलं तर दोन्हीकडून शिव्या खाईन.

बारामतीचा_बेअर | १५ मार्च

धागा वर काढतोय. जानेवारीत बेन जॉन्सन मुख्य कोच म्हणून आले, डेट्रॉइटहून. आता कॅन्सस सिटीकडून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाचा सेंटर ड्रू डॉलमन. लाइनचा मधला अख्खा भाग नवा! थूनीकडे चार सुपर बोलच्या अंगठ्या आहेत. मीनलताई, तुमची फट बुजली. अण्णा, आता काय म्हणता?

अण्णा_नेपरविल | १५ मार्च

म्हणायचंय एवढंच की आता सबब उरली नाही, ना पोराला, ना तुम्हाला. जॅक्सन डेट्रॉइटमध्ये जॉन्सनच्याच हाताखाली खेळलाय, म्हणजे हाका एकमेकांना समजतील. लेफ्ट टॅकल ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा अजून मोडलेलाच आहे, तिकडे माझी नजर राहील. सप्टेंबरात परत मोजू. थूनी समोर उभा असताना तीनच्या पुढे गेलेले सॅक निम्म्याहून जास्त निघाले, तर मिसळ तुमच्याकडून. पाव मी आणतो, तुमच्याकडचे गोड असतात.