यामाहा एस670 साठी पेनड्राइव्ह किती जीबीचा घ्यावा आणि आतमध्ये फायली कशा लावाव्यात?

काळीपाच
नमस्कार मंडळी, सेकंडहँड यामाहा पीएसआर एस670 कीबोर्ड घेतलाय. भजनी मंडळात वाजवतो आणि अधूनमधून लग्नाच्या ऑर्डरी पण असतात. आधीच्या मालकाने सोबत पेनड्राइव्ह दिलाय पण त्यात नुसता गोंधळ आहे, स्टाइल (तयार रिदम आणि साथ), मिडी (कीबोर्डने वाजवायच्या गाण्यांच्या फायली), एमपी3, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो, सगळं एकाच ठिकाणी ओतलेलं. कार्यक्रमात फर्माईश आली की मी शोधत बसतो आणि तोवर गायक दोन आलाप घेऊन मोकळा होतो. दुकानदार म्हणतो 128 जीबी घ्या, थोडेच पैसे जास्त पडतात. घेऊ का? आणि दुसरं म्हणजे त्याने बनवलेली रजिस्ट्रेशनं (टोन, रिदम वगैरे एका बटणात साठवलेली सेटिंग) लावली की टोन बदलतो पण रिदम आधीचाच राहतो, असं का होत असेल? कीबोर्ड बिघडलेला तर गळ्यात नाही ना मारला?

जुना ऑर्केस्ट्रावाला
बिघडलेला नाही रे, घाबरू नको. आधी फ्रीझचं बटण चालू आहे का ते बघ, फ्रीझमध्ये स्टाइलला टिक असेल तर रजिस्ट्रेशन बदललं तरी रिदम जागचा हलणार नाही. ते बंद असेल तर मग कारण पेनड्राइव्हमध्येच आहे. रजिस्ट्रेशनच्या आत स्टाइल नसते, तिचा फक्त पत्ता असतो, म्हणजे यूएसबी1 मधल्या अमुक फोल्डरमधली तमुक फाइल. मालकाने देण्याआधी आवराआवर केली असणार, नाहीतर फायलींची नावं बदलली असणार, आणि पत्त्यावर माणूसच नाही म्हटल्यावर रिदम कुठून येणार. टोन कीबोर्डच्या आतलेच असतात म्हणून ते बरोबर येतात.

आता 128 जीबीचं. अजिबात नको. एक स्टाइल फाइल काही केबीची ते फार तर शे-दोनशे केबीची असते, मिडी तर त्याहून लहान, हजार स्टाइल टाकल्यास तरी एका जीबीचा कोपरा पण भरणार नाही. जागा खातं ते फक्त ऑडिओ रेकॉर्डिंग, हा कीबोर्ड 44.1 किलोहर्ट्झ 16 बिट वेव्ह फाइल करतो म्हणजे मिनिटाला साधारण 10 एमबी, तीन तासांचा अख्खा कार्यक्रम रेकॉर्ड केलास तरी दोन जीबीच्या आत. 8 किंवा 16 जीबी पुष्कळ झाला, आजकाल तेवढा छोटा मिळत नाही म्हणून फार तर 32 घे. त्याच्यापुढचे ड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि आपल्याला लागतो फॅट32, उगाच डोक्याला ताप. महागातला यूएसबी 3 वाला पण नको, कीबोर्डचं पोर्ट 2.0 च आहे, वेग तेवढाच मिळणार. त्यापेक्षा बाहेर कमी येणारा आखूड ड्राइव्ह बघ, स्टेजवर मागून वायरी ओढताना लांब ड्राइव्हला धक्का बसतो आणि तो पोर्टसकट वाकतो. फॉरमॅट मात्र कीबोर्डवरच कर, आणि त्याआधी जुन्यातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेव.

फोल्डर लावायची माझी पद्धत अशी की स्टाइलचा एक मोठा फोल्डर, त्यात केरवा, दादरा, भजनी, लावणी, डिस्को असे पोटफोल्डर, आणि हे सगळं रजिस्ट्रेशन बनवायच्या आधी कायमचं ठरवून टाकायचं. नंतर त्याला हात लावायचा नाही, नाव सुद्धा बदलायचं नाही. नवीन स्टाइल मिळाली तर वाढव, पण जुनी हलवू नको. रजिस्ट्रेशनचा फोल्डर वेगळा. लग्नाच्या ऑर्डरीसाठी एका गाण्याला एक बँक (आठ रजिस्ट्रेशनांची एक फाइल), आठ बटणांत इंट्रो, मुखडा, अंतऱ्याची बासरी, मधलं म्युझिक असं सगळं बसतं. भजनाला मात्र गाण्यागणिक बँक करू नकोस, बुवा काय लावतील ते त्यांनाच माहीत नसतं, तिथे ठेक्याप्रमाणे एकेक बँक ठेव. आणि फ्रीझमध्ये ट्रान्सपोजला (पट्टी वर-खाली करायची सोय) टिक करून ठेव, नाहीतर काळी एकवाला गायक बसलाय आणि बटण दाबल्यावर पट्टी तुझ्या नावाची, काळी पाच!

सम_आणि_खाली
वरच्या दादांचं बरोबर आहे, पण लग्नाच्या कार्यक्रमात क्रम ठरलेला असेल तर रजिस्ट्रेशन सीक्वेन्स वापर की. बँकेतली बटणं कुठल्या क्रमाने यायची ते भरायचं, पेडलला रजिस्ट्रेशन पुढे सरकवायचं काम द्यायचं आणि सीक्वेन्स संपल्यावर पुढच्या बँकेत जा असं ठेवायचं, मग पूर्ण सेट पायानेच पुढे सरकतो. त्यासाठी बँकांच्या नावापुढे 001, 002 असे तीन आकडी नंबर टाक, नुसतं 2 टाकलंस तर 10 त्याच्या आधी येऊन बसतं.

कोर्गप्रेमी
मी कोर्ग पीए600 कीबोर्डवाला, आमच्याकडे कथा वेगळी. कोर्गमध्ये सगळं एका डॉट सेट नावाच्या फोल्डरमध्ये असतं, त्याच्या आत स्टाइल, साउंड, पीसीएम, परफॉर्म असे फोल्डर, आणि ते लोड केलं की सगळं कीबोर्डच्या आत उतरतं. नंतर ड्राइव्ह काढून खिशात टाकला तरी वाजतं. त्यामुळे आम्हाला पत्त्याची कटकट नाही, पण कॉम्प्युटरवर त्या सेटच्या आत शिरून काही इकडचं तिकडे केलं तर लोड होताना अर्धं येतं अर्धं येत नाही. गाण्यांची यादी सॉंगबुकमध्ये करायची, गायकाची पट्टी पण तिथेच प्रत्येक गाण्याला सेव्ह होते. भावा, पुढचा कीबोर्ड घेशील तेव्हा विचार कर :)

जुना ऑर्केस्ट्रावाला
झालं यांचं सुरू.

लाल मातीतला
तुम्ही लोक पेनड्राइव्हवर भांडताय, आमच्या मंडळात अजून फ्लॉपीचा यामाहा आहे. पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी येते आणि नव्या मिळत नाहीत, सोनीने 2011 ला विक्री बंद केली त्याला किती वर्षं झाली. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह लागणारं यंत्र मिळतं म्हणे, कुणी बसवलंय का?

जुना ऑर्केस्ट्रावाला
हो, फ्लॉपी एम्युलेटर म्हणतात, गोटेक नावाचा सगळ्यात स्वस्त. फ्लॉपी ड्राइव्हच्याच खाचेत बसतो. घ्यायच्या आधी कीबोर्ड उघडून आतली केबल बघा, 34 पिनांची चपटी पट्टी असेल तर सोपं, 26 पिनांची असेल तर मधला अडॅप्टर लागतो. त्याच्यात फ्लॅशफ्लॉपी हे फुकट मिळणारं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकून घ्या, मूळच्यापेक्षा बरंच चांगलं आहे. पेनड्राइव्हवर एकेक फ्लॉपी म्हणजे एकेक इमेज फाइल (अख्ख्या फ्लॉपीची नक्कल), समोरच्या बटणाने नंबर बदलायचा की कीबोर्डला वाटतं दुसरी फ्लॉपी घातली. पण त्याआधी ज्या फ्लॉप्या अजून वाचल्या जातायत त्यांच्या इमेज काढून घ्या, एका पावसाळ्यात जातील. 720 केबीवाल्या कुठल्या आणि 1.44 एमबीवाल्या कुठल्या ते पण लिहून ठेवा, इमेज त्याच मापाची लागते.

काळीपाच
आभारी आहे सगळ्यांचा. फ्रीझ बंदच होतं, म्हणजे पत्त्याचाच घोळ. मग जुनी रजिस्ट्रेशनं टाकून नव्यानेच करतो. अजून दोन गोष्टी. नावं मराठीत देता येतील का, बुवांना पण वाचता येतील? आणि दुसरा पेनड्राइव्ह बॅकअपला ठेवला तर त्याच्यावरून रजिस्ट्रेशन चालेल ना?

सम_आणि_खाली
देवनागरी नको, स्क्रीनवर चौकोन नाहीतर भलतंच काहीतरी दिसतं. इंग्रजी अक्षरांतच लिही पण एक स्पेलिंग धर, एकदा श्री दोन ई लावून आणि एकदा आय लावून असं केलंस की तेच गाणं यादीत दोन टोकांना सापडतं. बुवांसाठी कागदावर नंबर आणि नाव लिहून दे, ते नाहीतरी चष्मा विसरतात.

दुसरा ड्राइव्ह चालतो. फोल्डर आणि नावं तंतोतंत तीच हवीत, ड्राइव्हचं स्वतःचं नाव काय आहे त्याने फरक पडत नाही, कीबोर्डला तो यूएसबी1 म्हणूनच दिसतो. एक्स्पान्शन पॅक (बाहेरून टाकायचे जादा टोन, स्टाइल) टाकला असशील तर त्याची इन्स्टॉल फाइल पण वेगळी जपून ठेव, एस670 ला त्यासाठी 32 एमबीच जागा आहे आणि बॅकअप फाइलमध्ये तो पॅक येत नाही. मित्राच्या मॅकवरून कॉपी करणार असशील तर टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली पण येतात, त्या उडव. आणि ऑनलाइन 1 टीबी तीनशे रुपयात असं दिसलं तर घेऊ नको, कॉम्प्युटर 1 टीबीच दाखवतो पण खरी जागा भरली की पुढच्या फायली कोऱ्या निघतात. आधीच घेतला असशील तर एच2टेस्टडब्ल्यू हे खरी जागा तपासणारं सॉफ्टवेअर चालवून बघ, रिकाम्या ड्राइव्हवर चालव, आणि रात्रीच लावून ठेव कारण त्याला वेळ लागतो.