मदत हवी आहे: फोटोत जाळी दिसत नाही, मग सांगायची कशी?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात एका प्राणिसंग्रहालयात (नाव मुद्दाम देत नाही) बिबट्याचा फोटो काढला. जाळी सावलीत, बिबट्या तिच्यापासून बराच मागे, ७०-२०० लेन्स, छिद्र पूर्ण उघडं (एफ २.८). फोटोत जाळी पार विरघळली. घरच्या ग्रुपवर टाकल्यावर मामांनी विचारलं, "ताडोबा का रे?" मी नुसता स्मायली पाठवला. तिथंच चुकलं.

आता तो आमच्या क्लबच्या प्रदर्शनात 'वन्यजीव' विभागात निवडला गेलाय. पीएसए आणि फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण संघटनांच्या व्याख्येप्रमाणे प्राणिसंग्रहालयातले फोटो त्या विभागात बसत नाहीत, 'निसर्ग' विभागात चालतात. तेव्हा विभाग बदलून घेणारच आहे. २००९ साली लंडनच्या मोठ्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता, आठवतं? तो लांडगा माद्रिदजवळचा, माणसाळलेला असण्याची दाट शक्यता आहे असं परीक्षकांचं मत पडलं आणि २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. छायाचित्रकारानं आरोप नाकारला होता. आपली तेवढी झेप नाही, पण धडधड तीच.

खरी अडचण पुढेच आहे. तो बिबट्या, कोंडलेले प्राणी ताणामुळे घालतात तशा, एकाच वाटेवर येरझाऱ्या घालत होता. भिंत, ओंडका, वळण, परत भिंत. दर फेरीला ओंडक्यापाशी मान वळवायचा. दोन-तीन फेऱ्या पाहून मी तिथं फोकस लावून ठेवला आणि चौथ्या फेरीला फोटो मिळाला. सगळे ज्या नजरेचं कौतुक करताहेत, ती मला त्या येरझाऱ्यांमुळेच मिळाली. हे 'बंदिस्त प्राणी' एवढ्या दोन शब्दांत येतं का?

बायको म्हणते, राणीच्या बागेतल्या पेंग्विनच्या फोटोखाली कोणी खुलासे लिहितं का? बरोबर आहे, पण मुंबईत पेंग्विन रानात असेल असं कुणाला वाटणार नाही. बिबट्या मात्र जुन्नरच्या उसातही असतो आणि बोरिवलीलाही.

तर विचारायचं असं, की तुम्ही अशा फोटोखाली नेमकं काय लिहिता? माझ्याकडे त्याच दिवशीचा, जाळी आणि घासून गुळगुळीत झालेली पायवाट दिसणारा दुसरा फोटो आहे. तसा बराच सामान्य आहे. दोन्ही शेजारी लावावेत, की पहिला मागेच घ्यावा? "एवढा विचार नको करूस" हे सांगून झालंय, ते सोडून बोला.

शुक्रवारपर्यंत छापायला द्यायचाय.