सायकलवाल्यांनी जायचं कुठून?

सातपूरकर: काल इथे नाशिकच्या रस्त्यांबद्दल कुणीतरी लिहिलं, 'पहाटे गंगापूर रोडवर सायकलवाले जोडीजोडीनं रस्ता अडवतात. हौस असेल तर ट्रॅकवर जा.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अहो, माझे वडील बावीस वर्षं अंबड एमआयडीसीत सायकलनं कामाला गेले. फर्स्ट शिफ्ट, डबा हँडलला. ती हौस नव्हती. आणि ट्रॅक कुठला? अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका, १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड. पुढे काय? आधी गाड्यांचा वेग आवरा. ताशी ३० चे ६० झाले की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

कॉलेजरोडवाला: लिहिणारा मीच. तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, मी बिनदिव्याच्या सायकलींबद्दल बोलतोय. डिसेंबरात सोमेश्वरच्या अलीकडे धुकं, समोरच्याचं काळं जॅकेट, मागे लाल दिवा नाही. हातभर अंतरावर गाडी थांबली. घरी जाऊन चहा घशाखाली उतरेना. तो गेला असता तर दोष कुणाचा?

मखमलाबादकर: धुक्याचं सोडा, त्या रस्त्यातल्या झाडांचं बोला! रस्ता रुंद झाला, झाडं मधेच राहिली. रात्री बुंधा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पंचवटीकर: झाड तुमच्या गाडीच्या आधीपासून तिथे आहे. ते कुणाला धडकत नाही.

मखमलाबादकर: माझा मावसभाऊ असाच गेला. मला शिकवू नका.

पंचवटीकर: शब्द मागे घेतो, वाईट वाटलं. पण झाड तोडण्याला माझा विरोधच राहील. रस्ता मोकळा दिसला की ८० नं जाणारा १०० नं जाईल. बुंध्यांना पट्टे मारा, रिफ्लेक्टर लावा, वर दिवा द्या.

मखमलाबादकर: पट्टे धुळीनं महिन्यात दिसेनासे होतात. पुसणार कोण?

सातपूरकर: झाडांचा वेगळा धागा काढा. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चाललीत, सायकलचं आत्ताच बोलायला हवं. 'कडेनं चालवा' म्हणता. कडेला खचलेलं चेंबर, खडी, उभ्या गाड्या. त्यात कुणीतरी न बघता दार उघडतं, माझं मनगट तसंच मोडलं. ड्रायव्हरनं दार डाव्या हातानं उघडावं, म्हणजे मान आपोआप मागे वळते.

कॉलेजरोडवाला: दाराचं पटलं, आजपासून करतो. चेंबरचंही मान्य. जोडीनं चालवण्याचं नाही. आणि दिवा लावाच.

सातपूरकर: लावतो. वडिलांच्या सायकलला डायनामो होता, एक दिवस चुकला नाही. तुम्ही समोरून सायकल दिसली की अप्पर बंद करा. डोळ्यांपुढे अंधारी येते, खड्डा दिसत नाही.