मदत हवी आहे: ‘चारुलता’ची सबटायटल्स तासाभरानंतर चुकतात
सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ (१९६४) घरी बघायचाय. बंगाली येत नाही, सबटायटल्स हवीतच. माझी फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सची, सबटायटल्सची एसआरटी फाइल मात्र सेकंदाला २५ फ्रेम्सच्या डीव्हीडीवरची. तासाभरात ओळी जवळपास अडीच मिनिटं आधी यायच्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये डिले देऊन भागलं नाही, फरक वाढतच जातो. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २५ वरून २४ केला, पहिला तास चोख जुळला. मग अचानक ओळी ४ सेकंद आधी, आणि शेवटपर्यंत तेवढ्याच. डीव्हीडीच्या प्रतीत एखादा तुकडा कमी असावा. पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावणार, त्यामुळे दुरुस्ती फाइलमध्येच हवी. आधीच्या ओळी न हलवता फक्त तिथून पुढच्या ४ सेकंदांनी कशा सरकवायच्या?