मदत हवी आहे : जाड्या-रड्याचा (हार्डी-लॉरेलचा) सगळ्यात भारी सिनेमा कोणता? आज रात्रीपर्यंत सांगा

कळंबा_नाका
आमच्याकडं दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते 'सन्स ऑफ द डेझर्ट', दुसरी म्हणते 'वे आउट वेस्ट'. ग्रुपवर कालपासनं नुसती वादावादी चाललीय. मी दोन्ही बघितलेत म्हणून निवाडा माझ्यावर आलाय. एकच नाव पाहिजे आणि ते का, तेवढं सांगा. 'दोन्ही चांगले' असं कृपा करून लिहू नका. आज रात्री ठरवायचंय.

पेठकर
सन्स. विषय संपला. 1933 चा सिनेमा, पण गोष्ट कुठल्याही घरातली. दोघांना शिकागोच्या अधिवेशनाला जायचंय, बायका सोडत नाहीत, मग तब्येतीचं निमित्त काढून होनोलुलूला जातो म्हणून थाप मारतात. आणि ज्या बोटीनं येणार म्हणून सांगितलेलं असतं तीच बुडते. लॉरेल-हार्डीच्या चाहत्यांची जगभर जी संघटना आहे तिनं नावसुद्धा याच सिनेमाचं घेतलंय. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

तांबडा_रस्सा
ते जाड्या-रड्या राहू दे भावा. 'अशी ही बनवाबनवी' लाव. अशोक सराफ, लक्ष्या, सचिन, सुशांत रे. याच्यापुढं जोडी नाही आणि चौकडीही नाही.

कळंबा_नाका
बनवाबनवी आमच्यात पोरासोरांना पाठ आहे. विचारलंय तेवढं सांगा की.

सिनेवेडी
दाखवायचाय कुणाला? घरात टीव्हीवर की कार्यक्रम आहे? बघणाऱ्यांना इंग्रजी कळतं का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

कळंबा_नाका
अपार्टमेंटमध्ये. सगळे वयाचे लोक आहेत. इंग्रजी काहींना येतं, काहींना नाही.

ग्राउचोची_मिशी
जुनी विनोदी टोळी म्हटली की मार्क्स ब्रदर्स, म्हणजे ग्राउचो, हार्पो आणि त्यांचे भाऊ! 'डक सूप' लावा, तोही 1933 चाच. आरशाचा प्रसंग एकदा बघा. आरसा फुटलेला असतो आणि पलीकडं उभा राहून हार्पो ग्राउचोची हुबेहूब नक्कल करतो. एक शब्द नाही त्यात. लॉरेल-हार्डी माझेही आवडते, पण इतकी चपळाई त्यांच्यात नाही.

सिनेवेडी
तेवढ्या प्रसंगात शब्द नाही हो. बाकी सिनेमाभर ग्राउचो इंग्रजी शब्दांच्या कोलांट्या मारत असतो. ते ज्याला कळत नाही तो दहाव्या मिनिटाला उठून जाईल.

ग्राउचोची_मिशी
सबटायटल असतात की.

सिनेवेडी
इंग्रजी सबटायटल आजीबाईंना वाचून कोण दाखवणार? धागाकर्ते, किती वाजता आहे आणि वेळ किती?

कळंबा_नाका
अहो, कोजागिरीला दाखवायचाय, गच्चीवर. बाराला दूध आहे, तोपर्यंत लोक थांबावेत म्हणून. कल्पना पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची. ऐंशी ओलांडलीय, शाळेत असताना थेटरात जाड्या-रड्या बघितलेला, अजून सगळ्यांना ते किस्से सांगतात. त्यांना ऐकू फार कमी येतं. त्यांना पहिल्या रांगेत बसवायचंय.

सिनेवेडी
मग हे आधी सांगायचं! ऐकू येत नसेल तर 'वे आउट वेस्ट', दुसरा विचार करू नका. 'सन्स'मधली निम्मी गंमत थापांत आहे आणि थापा बोलण्यात आहेत. 'वे आउट वेस्ट' (1937) कान बंद करून बघितला तरी कळतो. सलूनच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या, दारात पायऱ्यांवर बसून काही जण गात असतात, हे दोघे ऐकत उभे. आधी नुसता पाय हलायला लागतो, मग खांदे, आणि बघता बघता दोघं नाचायलाच लागतात. एवढा जाडा माणूस इतका हलका नाचतो की बघत राहावं. लॉरेल अंगठ्याची काडी करून पेटवतो ते तर लहान पोरं आठवडाभर करत बसतील. तासाभराच्या जरा वर आहे.

पेठकर
ताई, सन्समध्येही बघण्यासारखं भरपूर आहे. लॉरेल मेणाचं सफरचंद खातो तो प्रसंग? बायका थेटरात बातमीपट बघायला बसतात आणि पडद्यावर आपलेच नवरे मिरवणुकीत नाचताना दिसतात, तो? दोघींचे चेहरे बघूनच कळतं. आणि शेवटी खरं बोलणाऱ्याला चॉकलेट, खोटं बोलणाऱ्याच्या डोक्यावर घरातली भांडी. कोजागिरीला निम्म्या बायका असणार. त्या सिनेमात बायका सगळ्यात हुशार आहेत, हे त्यांनाही बघू दे की.

सिनेवेडी
मुद्दा पटतो, पण आजोबांचं काय? कार्यक्रम त्यांच्यासाठी आहे.

वायरमन
पौर्णिमेला गच्चीवर प्रोजेक्टर? चित्र फिकं पडणार असं कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. चांदण्यानं काही होत नाही. होतं ते शेजारच्या बिल्डिंगच्या हॅलोजननं. त्यांना भेटून तेवढा वेळ तो बंद करून घ्या. काळा-पांढरा सिनेमा असला की उजेडात काळा भाग आधी जातो, मग नुसते चेहरे तरंगतात. चादर लावू नका, वाऱ्यानं फुगते. पाण्याच्या टाकीची भिंत चुन्यानं पांढरी करा.

निवृत्त_मास्तर
लॉरेल आणि हार्डी यांचा 'द म्युझिक बॉक्स' 1932 चा. त्याच वर्षी आपल्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला, आणि 1933 साली, म्हणजे वरच्या 'सन्स' आणि 'डक सूप' यांच्याच साली, प्रभात पुण्यास गेली. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात कॅमेरा उभा केला, तिथे गच्चीवर चित्रपट दाखवताना आपल्या लोकांचेही एखादे रीळ दाखवावे, एवढेच सुचवतो.

कळंबा_नाका
मास्तर, चांगली सूचना आहे, पण या खेपेला हसवायचंच आहे. पुढं नक्की करू.

सिनेवेडी
मास्तरांनी नाव काढलंच आहे तर सांगते, 'म्युझिक बॉक्स'च आधी लावा. अर्ध्या तासाच्या आत संपतो, त्याला ऑस्कर मिळालेलं. एक पियानो लांबलचक जिन्यावरून वर चढवायचा, एवढीच गोष्ट. चढवतात, निसटतो, धडाधड खाली, परत चढवतात. अखेर वर पोचल्यावर पोस्टमन भेटतो आणि सांगतो की मागच्या बाजूनं रस्ता आहे, गाडी दारापर्यंत आली असती. तर हे दोघं पियानो परत खाली नेतात आणि रस्त्यानं वर आणतात! हे कळायला कान लागत नाहीत आणि भाषाही लागत नाही.

तांबडा_रस्सा
दूध गंगावेशीतनं आणा. कट्ट्यावर समोर म्हशी पिळून देतात, तसलं दूध आटवलं की साखर कमी लागते. पाकिटाच्या दुधाची कोजागिरी करू नका.

कायद्याचं_बोला
दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, हे लक्षात ठेवा. रात्री 10 ते सकाळी 6. कोजागिरी असली म्हणून सूट आहे असं समजू नका. हक्कांचं म्हणाल तर भारतात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं, 1937 चा सिनेमा कधीच मोकळा झालाय. मात्र नवं संगीत घातलेली आवृत्ती असेल तर त्या संगीताचा हक्क वेगळा.

कळंबा_नाका
हक्कांचं डोक्यातही नव्हतं, पण बरं झालं. दहाचा प्रश्न मात्र खरा आहे. मग दहा ते बारा काय करायचं?

सिनेवेडी
मूकपट! 'बिग बिझनेस', 1929. वीस मिनिटांच्या आतला. दोघं कॅलिफोर्नियाच्या उन्हात दारोदार ख्रिसमसची झाडं विकत फिरतात, एक गिऱ्हाईक नको म्हणतं आणि तिथून पेटतं. तो यांची गाडी मोडतो, हे त्याचं घर मोडतात, पोलीस बाजूला उभा राहून वहीत टिपून घेतो. स्पीकर बंदच ठेवा, काही बिघडत नाही.

ग्राउचोची_मिशी
संगीताशिवाय मूकपट रुक्ष होतो. कुणालातरी पेटी वाजवायला बसवा.

कायद्याचं_बोला
उघड्यावर रात्री वाद्यंसुद्धा त्याच नियमात येतात.

निवृत्त_मास्तर
मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगणारे असत. इंग्रजी पाट्या आल्या की कुणीतरी ध्वनिवर्धकाशिवाय मराठीत सांगाव्यात. गच्चीएवढ्या जागेत आवाज पोचतो. आजोबांच्या कानाशी एक नातू बसवा.

कळंबा_नाका
ठरलं. पावणेआठला 'म्युझिक बॉक्स', लगेच 'वे आउट वेस्ट', साडेनऊपर्यंत संपतंय. दहानंतर 'बिग बिझनेस', पाट्या मी सांगतो. पेठकर, तुमचा बायकांचा मुद्दा आमच्या ग्रुपवर टाकला, चार जणी तुमच्या बाजूनं उभ्या राहिल्यात.

पेठकर
मग त्या चौघींना विचारून ठरवा की! अजून रात्र आहे.

कळंबा_नाका
त्यांनीच आजोबांसाठी 'वे आउट वेस्ट' चालेल म्हणून सांगितलंय. वायरमनदादा, टाकीची भिंत आडवी लांब आहे. सिनेमा सगळ्या भिंतीवर पसरवू का?

वायरमन
अजिबात नको. जुने सिनेमे चौकोनाच्या जवळ असतात, चारास तीन. ताणलंत तर रड्यासुद्धा जाड्या दिसेल. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चार-तीन निवडा, दोन्ही बाजूला काळी पट्टी राहू दे. आणि प्रोजेक्टर टाकीच्या नळाखाली ठेवू नका.