बेल्ट ताणण्याआधी ब्लोअरची पाती बघा
सेंट्रल एसीच्या ब्लोअरबद्दल (बेल्टवर फिरून हवा ढकलणारा पंखा) 'हवा कमी आली की बेल्ट ताणा' असं सांगतात, ते अर्धंच बरोबर. जळगाव-धुळ्याकडे जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या) हंगामात कापसाचे तंतू फिल्टरच्या कडेने आत शिरतात आणि ब्लोअरच्या वळलेल्या पात्यांत गच्च बसतात. मेन स्विच बंद करून आधी ते ब्रशने काढा. बेल्ट ज्यांवर फिरतो त्या दोन पुलींमध्ये ५०० मिमी अंतर असेल तर मधोमध बेल्ट साधारण ८ मिमी दबला पाहिजे. त्याहून ताठ केलात तर बेअरिंग जाणार. नवा बेल्ट दिवसभर चालला की पुन्हा तपासा.

आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) अँपिअर कमी दिसले म्हणून खूश होऊ नका. या ब्लोअरमध्ये हवा अडली की करंट वाढत नाही, उतरतो. युनिटचं पॅनल (झाकण) उघडं असेल तर उलट चढतो, म्हणून रीडिंग पॅनल लावूनच घ्यायचं.